वगळायचे मेल: एकही नाही

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी ९.४०
विषय: नवा महिना, नवा मी

आजपासून रोजनिशी मेलवर. स्वतःच स्वतःला पाठवायची. वहीची गेल्या वर्षी काय गत झाली ते विसरलेलो नाही. हिने वाचली आणि आठ दिवस घरात फक्त मुलगी माझ्याशी बोलत होती, तेही हिचे निरोप द्यायला. मेलला पासवर्ड असतो.

ऑफिसात मोठी बातमी. आमचे विभागप्रमुख महिनाअखेर निवृत्त होतायत. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते, ती आमचा विभाग लिहितो. मी चौदा वर्षं लिहितोय. खुर्ची एक, लायक माणूस एक. पण त्यांच्या वरचे साहेब म्हणाले, ज्याचा वेळ कुठे जातो ते स्वच्छ दिसेल त्याचा विचार करू. म्हणजे टाइमशीट आलं. कुठल्या कामाला किती मिनिटं, ते रोज सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. मी शुक्रवारी संध्याकाळी एकदम भरतो, अंदाजाने. माझा अंदाज उदार असतो.

मंगळवार, २ सप्टेंबर. दुपारी १२
विषय: कल्पना

समोरच्या टेबलावर मास्तर. शिक्षक नव्हे, सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून मास्तर. अकराला नेहमीप्रमाणे मशीनमधून दोन कप चहा घेऊन आला. एक माझा, साखर जास्त. अकरा वर्षांत एकदाही सांगावं लागलेलं नाही. असा माणूस मिळायला नशीब लागतं. टाइमशीट मात्र अजून हाताने भरतो, दर कामानंतर घड्याळ बघून. दया आली.

मी मेल आणि टाइमशीट परस्पर जोडणार. हल्ली त्याला कोड लिहावा लागत नाही. स्क्रीनवर चौकोन मांडायचे, मध्ये बाण काढायचे. अमुक झालं की तमुक कर. माझं सगळं काम मेलवरच चालतं. मेल लिहायला घेतला की घड्याळ सुरू, पाठवला की बंद. मेलचा विषय ते कामाचं नाव, मजकूर तो तपशील. अर्ध्या तासाचं काम आहे.

बुधवार, ३ सप्टेंबर
विषय: किरकोळ अडथळा

मेल गेला की टाइमशीटमध्ये नोंद, असा एक बाण काढला. नोंद झाली की खात्रीसाठी माझ्याकडून मलाच मेल, असा दुसरा. मेल गेला म्हणून पुन्हा नोंद, नोंद झाली म्हणून पुन्हा मेल. जेवून येईपर्यंत चारशे बारा नोंदी. कॉम्प्युटरवाल्याला बोलवावं लागलं. त्याने विचारलं, सूचना वाचल्या नाहीत का. मी म्हणालो, मी सूचना लिहिणारा माणूस आहे. तो विनाकारण हसला.

गुरुवार, ४ सप्टेंबर. सकाळी १०.१५
विषय: विजय

जोडणी झाली! कोणते मेल वगळायचे, असा एक रकाना होता. कॉम्प्युटरवाला म्हणाला, खाजगी काही असेल तर इथे लिहा. जरा रागच आला. माझ्या कामात वगळण्यासारखं काहीच नाही. रिकामा सोडला. नोंदी कोणाला दिसाव्यात? ‘फक्त मला’ किंवा ‘सर्व विभागाला’. अर्थात विभागाला. बघू देत. मी स्वतः बघणार नाही. रोज उघडून बघायचं असेल तर ऑटोमेशन कशाला करायचं?

शुक्रवार, ५ सप्टेंबर. दुपारी ३.३०
विषय: मास्तर असा निघाला

मास्तर साहेबांच्या केबिनमध्ये वीस मिनिटं. दार बंद. बाहेर आला तो माझ्याकडे बघून हसत. म्हणजे खुर्चीवर डोळा आहे तर! केसाने गळा कापणं म्हणजे काय ते आज कळलं. चुका काढण्याच्या नावाखाली अकरा वर्षांतल्या माझ्या सगळ्या पुस्तिका बिघडवल्या त्याच्या कात्रीने. कोणाच्या बापाने कधी त्याची वाक्यं वाचली आहेत?

संकल्प: सोमवारपासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं.

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ११.२०
विषय: चहा

चहा आला नाही. मास्तर एकच कप घेऊन आला आणि माझ्याकडे पाठ करून प्यायला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी त्याला काही बोललोसुद्धा नाही. याला म्हणतात अपराधी मन.

चित्रकार बाईही फणकारल्यासारख्या. आमच्या पुस्तिकांतल्या आकृत्या त्या काढतात. त्यांचा पंप बदकासारखा दिसतो, पण हे मी आजवर मनातच ठेवलेलं आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर. दुपारी ४
विषय: कट

मी आलो की सगळे गप्प. बदक हा शब्द दोनदा कानावर आला. योगायोग असेल. पंपाची पुस्तिका द्यायची मुदत उद्या, पण या वातावरणात सुचणार कसं? घरी हिला सांगितलं की सगळे उलटलेत. ही म्हणाली, सगळेच उलटले असतील तर आपण काय केलं ते बघावं. घरातूनही पाठिंबा नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर. सकाळी ११.०५
विषय: मास्तर, भाग चार

मास्तर टेबल उचलून खिडकीशी गेला. कारण विचारलं तर म्हणाला, उजेड बरा आहे. अकरा वर्षं उजेड चालला आणि आता डोळे आले? खुर्ची मिळाली की पहिली सही त्याच्या गोदामातल्या बदलीवर. तिथे खोक्यांच्या चुका काढ म्हणावं. पंपाची पुस्तिका उद्या नक्की.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. दुपारी २.१०
विषय: बोलावणं!

साहेबांनी अडीचला बोलावलंय. म्हणे, तुमच्या टाइमशीटबद्दल बोलायचंय. शेवटी कामाची कदर झालीच. मास्तरने मान वर करून बघितलं नाही. जळू दे. इस्त्रीचा शर्ट नेमका आजच आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर. घरी.

वहीत लिहितोय. वही हिनेच आणून दिली. म्हणाली, वहीतलं निदान मला एकटीलाच वाचावं लागायचं.

साहेबांनी काल स्क्रीन माझ्याकडे वळवली. सगळं होतं. तारखेनिशी, विषयानिशी, मजकुरासकट. पंपाची पुस्तिका: पन्नास मिनिटं. मास्तर: तीन तास बारा मिनिटं. गुरुवारपासून विभाग वाचत होता. मी म्हणालो, सॉफ्टवेअरने विश्वासघात केला. साहेब म्हणाले, त्याने सांगितलं तेवढंच केलं.

मग म्हणाले, गेल्या शुक्रवारी मास्तर वीस मिनिटं इथे बसून खुर्चीसाठी तुमचंच नाव लावून धरत होते. सगळं वाचल्यावरही त्यांनी ते मागे घेतलं नाही. मी घेतलं. प्रमुख आता चित्रकार बाई.

खिडकीशी गेलो. मास्तर तपासत होता. माझीच पुस्तिका, पंपाची, अर्धवट राहिलेली. मान खाली ठेवूनच म्हणाला की रोज सकाळी नोंदी उघडायचो. वाटायचं, कधीतरी चहाबद्दल तरी चार बरे शब्द असतील.

होते ना! मंगळवारी, दोन तारखेला लिहिले होते. पण जोडणी गुरुवारी झाली. तो मेल काढला, त्याला पाठवायला म्हणून पुन्हा वाचला. असा माणूस मिळायला नशीब लागतं, असं लिहिलंय. त्याच्यापुढे दोनच वाक्यांनी ‘दया आली’ आहे. नाही पाठवला.

म्हणून जागेवर बसून त्याला नवा मेल लिहिला. मनापासून लिहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं. पाठवला, तेव्हा आठवलं की बाण पुसायचा राहिलाय. विभागातल्या सगळ्यांच्या स्क्रीनवर एकदमच नोंद आली.

काम: मास्तरची माफी. लागलेला वेळ: चार मिनिटं.