सर्टिफिकेटावरचं माझं अक्षर

९ जानेवारी २०२५, गुरुवार

नागपूरच्या क्रीडा ऑफिसचं पत्र आलं.

कॉलेजचे लिलाधर बाबू दुपारी दारातूनच सांगून गेले. गेल्या बारा वर्षांत आपल्या कॉलेजने भरवलेल्या खो-खोच्या सामन्यांची सर्टिफिकेटं तपासणार आहेत — खेळाच्या कोट्यातून जे जे सरकारी नोकरीत लागले त्यांची. कोण खरंच खेळलं, कोण नाही. सगळ्यांवर सरांच्या सह्या आहेत, म्हणून घरी कानावर घातलं म्हणाले. पाणी घ्या म्हटलं तर घेतलं नाही.

हे २८ फेब्रुवारीला रिटायर होणार. दीड महिना राहिला. रात्री अर्ध्या भाकरीवर उठले. मला विचारायचं होतं — ताट उचलून मोरीवर गेले.

कारण मला माहीत आहे. आज लिहवत नाही.

१० जानेवारी

लिहिते. दुसऱ्या कुणाजवळ बोलता येत नाही. ही डायरी गेल्या सालची आहे, कोरीच राहिली होती, तारखा खोडून लिहिते. कोणी उघडणार नाही.

यांना नोकरी लागून तेहेतीस वर्षं झाली. लोक पीटी सर म्हणतात, कागदावर क्रीडा संचालक. आले तेव्हा ग्राउंड म्हणजे नुसत्या बाभळी. पोरं घेऊन स्वतः तोडल्या. मग पोरींची टीम काढायची ठरवली. घरचे पाठवत नव्हते. हे अड्याळला गेले, कारध्याला गेले, एकेकाच्या ओसरीवर बसले. म्हणायचे, पोरगी माझ्या घरी राहील, माझ्या बायकोजवळ. आणि राहायच्या. सामन्याच्या आधी आठ-आठ दिवस बारा पोरी माझ्या दोन खोल्यांत. त्यांच्या वेण्यासुद्धा मी घातल्या.

सामने झाले की सर्टिफिकेटांवर नावं लिहायचं काम माझं. मी मॅट्रिक, पण अक्षर चांगलं. हे सह्या केलेला कोरा गठ्ठा आणायचे, सोबत नावांच्या चिठ्ठ्या. स्वयंपाक आवरून मी लिहायला बसायची. एकही वाया जाऊ दिलं नाही कधी. कागद महाग पडतो.

तर २०१६ साल. कारध्याची रेणू. ढिवराची पोर, नदीकाठची, पायात वारं. चार महिने पहाटे सायकलने पूल ओलांडून प्रॅक्टिसला यायची. आणि नेमकं सामन्याच्या दोन दिवसांतच तिला पाहायला पाहुणे आले. भावाने घराबाहेर पडू दिलं नाही. तिच्याविना टीम दुसऱ्या नंबरावर आली. तिसऱ्या दिवशी ती आली आणि माझ्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली. रडलीही नाही.

गठ्ठ्यात एक सर्टिफिकेट उरलं होतं. सही केलेलं.

मी तिचं नाव लिहिलं. यांना विचारलं नाही, सांगितलं नाही. त्याच कागदावर ती आज वनरक्षक आहे.

१२ जानेवारी

भाजीत दोनदा मीठ पडलं. हे काही न बोलता जेवले. त्याचीच जास्त भीती वाटली.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला ललिताबाईंकडे जावंच लागलं. शेजारच्याच, गेली नसती तर चार जणींनी चौकशी केली असती. म्हणाल्या, "आता सर घरी बसले का तुमच्यावरच शिट्टी वाजवतील. भाजीले उशीर झाला, फाऊल!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग त्यांच्या नणंदेने सांगितलं — कुठल्याशा कॉलेजच्या सरांची अशीच चौकशी लागली, दोन वर्षं झाली, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, बिचाऱ्याला अर्धांग झाला. कॉलेजचं नाव तिला सांगता येईना. ऐकीव असेल. पण तिळगूळ माझ्या हातातच राहिला.

१५ जानेवारी

फोन दोनदा वाजला, हात पुसत धावले. दोन्ही वेळा गॅसवाला होता.

१७ जानेवारी, चतुर्थी

मेंढ्याच्या गणपतीला चालत गेले. हात जोडले पण काय मागावं कळेना. पोरीची नोकरी राहू दे म्हणावं तर खोटं टिकू दे असं देवाला सांगण्यासारखं आहे. खरं बाहेर येऊ दे म्हणावं तर यांची पेन्शन जाते. शेवटी एवढंच म्हटलं, शिक्षा द्यायची तर मला दे. हे निर्दोष आहेत.

हे यातून सुटेपर्यंत चहा सोडला.

२३ जानेवारी

रेणू आली. ड्यूटीवरून थेट, खाकीतच. ओरिजिनल कागद घेऊन हजर राहा म्हणून तिला चिठ्ठी आली आहे. कडेवर दोन वर्षांची पोर. नवरा सेंट्रिंगच्या कामावर जातो, म्हणजे काम असलं तर जातो. घर हिच्या पगारावर.

मी भात वाढला. तिने कालवला आणि तसाच ठेवला. हळूच म्हणाली, "काकू, मी त खेळलीच नव्हती ना जी."

मी म्हटलं, "चार महिने खेळली ना."

"चार महिने मोजत नाहीत ते. दोन दिवस मोजतात." मग म्हणाली, "सरले माहीत आहे का?"

नाही म्हटलं. सरांना काही बोलू नको, कुणालाच बोलू नको. तिच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला. खोटं बोल म्हणून सांगणाऱ्या हाताने आशीर्वाद कसा देऊ?

२६ जानेवारी

कॉलेजात झेंडावंदन, त्यातच यांचा सत्कार. शाल, श्रीफळ. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, तेहेतीस वर्षं आणि एक डाग नाही. टाळ्या वाजल्या. मी मान वर केली नाही. चोरून पाहिलं तर हेही पायाच्या अंगठ्याकडेच पाहत होते. लाजाळू आहेत. आपल्याबद्दल चांगलं ऐकवतच नाही त्यांना.

३० जानेवारी

हे दोन दिवस जुन्या फायली काढून बसले आहेत. आज विचारलं, नावांच्या चिठ्ठ्या मी आणायचो, त्या तू ठेवत होती का?

मी म्हटलं, नाही. मागच्या कोऱ्या बाजूला किराण्याची यादी करायची, मग बंबात घालायची.

"सगळ्या?"

सगळ्या म्हटलं. "बरं केलं," म्हणाले आणि फायली बांधून ठेवल्या. माझ्यावर ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. हा माणूस कधी मला टाकून बोलला नाही. आणि मी यांच्या सहीखाली काय करून ठेवलं! केस पिकून राहिले यांचे माझ्या पापाने.

३ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

सोमवारचा उपास होता. देवापुढे दिवा लावला आणि तिथूनच हाक मारली, कारण देवासमोर असताना तरी शब्द गिळता येणार नाही. सगळं सांगितलं — रेणू, पाहुणे, उरलेला कागद. नागपूरच्या साहेबांपुढे येऊन सांगायची माझी तयारी आहे, तुम्हाला काही माहीत नव्हतं हे मी बोलीन, असंही म्हटलं.

यांनी दिव्याची वात सारखी केली. मग विचारलं, "आणखी कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही."

"एकच लिहिलं तू?"

"देवाशपथ, एकच."

चपला घालून बाहेर गेले. मी दारातच उभी. वैनगंगेचा पूल जवळ आहे, नको ते मनात आलं. तासाभराने आले ते पावशेर जिलेबी घेऊन! तुझा उपास सुटला का खा म्हणाले. स्वतः पोटभर जेवले, महिन्याभरात पहिल्यांदा.

एवढ्या मोठ्या मनाचा माणूस. मी महिनाभर उगाच घाबरले.

४ फेब्रुवारी

झोप लागली. देवा, तुझे उपकार.

१० फेब्रुवारी

खोट्या सर्टिफिकेटांची यादी आली.

लिलाधर बाबू घेऊन आले. हे कॉलेजात होते, मीच घेतली. आधी रेणूचं नाव शोधलं. नाही! पुन्हा वरून खालपर्यंत बोट फिरवलं. नाहीच. रेणूचं कसं नाही, तोंडून निघून गेलं. बाबूंनी समजावलं — टीमच्या बारा जणींची यादी सामन्याच्या आधीच गेली होती, तिच्यात रेणू होती. मैदानात उतरली, नाही उतरली, ते कोणी पाहत नाही. नियमात बसते ती.

महिनाभर ज्याला पाप म्हणून उशाशी घेऊन निजले ते कागदात पापच नव्हतं. मी देव्हाऱ्याकडे वळणारच होते.

मग म्हटलं, ही नावं कोणाची?

चौदा नावं. बाबू खाली पाहत म्हणाले, "हे कोणत्याच टीममध्ये नव्हते, वहिनी. ना आपल्या, ना बाहेरच्या. तरी सर्टिफिकेट आहे." सोबत चौदा झेरॉक्स होत्या. एक-एक उलटत गेले. कधी २०१४, कधी १७, कधी २०. प्रत्येकीवर माझं अक्षर. तोच र, तीच वेलांटी.

मी यांतल्या एकालाही ओळखत नाही. माझ्या घरी न जेवलेला खेळाडू या कॉलेजात झाला नाही. मी लिहिलं, कारण चिठ्ठीत होतं. चिठ्ठ्या हे आणायचे.

बाबू गेल्यावर किती वेळ उभी होते कोण जाणे. उद्या विचारीन असं ठरवलं. आज नाही. आज यांच्या तोंडाकडे पाहायचीच भीती वाटते.

११ फेब्रुवारी

विचारायची वेळच आली नाही. हेच बोलले, माझ्याजवळ बसून, अगदी मऊ आवाजात — "एक त लिहिलंच होतं ना तू माझ्या मागे. मंग हे चौदाही तूच तसे लिहिले म्हण. तुले ना नोकरी, ना पेन्शन. तुझं काय जाते?"

जिलेबी कशाची होती ते आत्ता कळलं.

उद्या दहाला साहेबांपुढे जायचं आहे. यांनी माझी चांगली साडी काढून ठेवली आहे.

मी अजून हो म्हटलं नाही.