कंपनीचा भाचा

वाइनिका गाव, नातेवा उपसागर
मंगळवार, सकाळची प्रार्थना उरकून

प्रिय इनोसी यास,

तुझ्या आत्याच्या मुलाचा, एपरामाचा, मनापासून बुला आणि नमस्कार. मामांचा गुडघा कसा आहे? मामी चर्चच्या पायऱ्या उतरताना अजून तुझा हात धरतात, की त्यांचाही आता तुझ्यावरचा विश्वास उडाला? (आत्तेभावाने चिडवायचं नाही तर कुणी चिडवायचं?) इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहेत. मीही बराच आहे. फक्त झोप लागत नाही, कसावा घशाखाली उतरत नाही आणि रविवारी स्तोत्र सांगताना मधलं एक कडवंच विसरलो. पाद्रीबाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, आजारी नाही, कंपनी आहे.

झालं असं की माझ्या होडीचं, हालेलुयाचं, इंजिन गेलं. बुडालं नाही, चोरीलाही गेलं नाही. भाच्याने नेलं. आपल्यात भाच्याने मामाच्या घरातल्या वस्तूवर हात ठेवला की ती त्याची झाली, आणि मामाने नुसती भुवई उचलली तरी गावभर चर्चा होते, हे तुला मी सांगायला नको. माझ्या थोरल्या लोसालिनीताईचा मुलगा कालिओवा वाईट नाही. मागतो ते इतक्या अदबीने, खाली बसून, टाळी वाजवून मागतो की देताना आपल्यालाच बरं वाटतं. अशा अदबीने त्याने आधी डुक्कर नेलं, मग जाळं, मग माझा रेनकोट (पाऊस चालू होता आणि रेनकोट माझ्या अंगात होता). पण इंजिनावर माझं घर चालतं. शनिवारी बाजाराच्या बायका आपला भाजीपाला घेऊन माझ्याच होडीत बसतात. एक-दोन शनिवार चुकले की पलीकडच्या गावची होडी त्यांना घेऊन जाईल, आणि एकदा का बायकांनी होडी बदलली की त्या परत येत नाहीत. मग मी काय करू? नुसतं स्तोत्र सांगून चूल पेटत नाही.

ही वेळ येऊ नये म्हणूनच मी कायद्याकडे गेलो होतो, हे जास्त लागतं. चर्चच्या हॉलमध्ये शहरातून शालेश्नी नावाच्या वकीलबाई आल्या होत्या. घरच्यांना आणि छोट्या धंदेवाल्यांना फुकट सल्ला. त्यांनी सांगितलं, धंदा वेगळा ठेवा, कंपनी काढा, कायद्याच्या नजरेत कंपनी म्हणजे एक स्वतंत्र व्यक्ती. इनोसी, मी घरी येऊन यावर फार विचार केला. देवाने आदामाला मातीतून केलं आणि बाईंनी एक व्यक्ती कागदातून केली, हे मनाला जरा खटकलं. पण दुसरा विचार असाही आला की या व्यक्तीला आई-बाप नाहीत. म्हणजे बहीण नाही. आणि जिला बहीणच नाही तिला भाचा कुठून येणार? मी त्या संध्याकाळी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. कंपनी काढली आणि होडी, इंजिन, दोर, बादली सगळं तिच्या नावावर केलं.

फक्त एक घोळ झाला. बाई म्हणाल्या, समुद्रावरचा धंदा आहे, तुमचं काही बरंवाईट झालं तर सही करायला दुसरा संचालक असू द्या. बायकोला, मेरेसेइनीला, विचारलं, तर ती म्हणाली, "तुमचं जेवण मी करते तेवढं पुरे, तुमच्या कंपनीचंही मीच बघू का?" आपल्या घरात थोरल्या बहिणीच्या शब्दाशिवाय काही सुरू होत नाही, म्हणून मी लोसालिनीताईचं नाव घातलं. सही करून घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की मी कंपनीला बहीण आणून दिली.

कालिओवाच्या ते लगेच लक्षात आलं. आला तो मागणं घालताना मान म्हणून ठेवतात ती यांगोनाची चांगली जाडजूड मुळी घेऊन. मी म्हटलं, बाळा, इंजिन आता माझं नाही, कंपनीचं आहे. तो म्हणाला, "मामा, ठाऊक आहे. कंपनी कुठे बसते?" त्याने आमच्या रिकाम्या चटईपुढे मुळी ठेवली, टाळी वाजवली, कंपनीच्या घराण्याला मान दिला आणि इंजिन मागितलं. मग बराच वेळ डोकं खाली घालून बसला. शेवटी म्हणाला, "कंपनी नाही म्हणाली नाही, मामा." आणि गेला घेऊन.

वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, घाबरू नका, संचालकांची सभा घ्या आणि इंजिन परत आणायचा ठराव करा. आता त्यांना कसं सांगू की वयात आल्यापासून मी आणि ताई रीतीप्रमाणे एकमेकांशी थेट बोललेलो नाही? तरी सभा झाली. मी ओसरीत, ताई चुलीपाशी, दोघांच्या पाठी एकमेकांकडे, आणि मधे मेरेसेइनी निरोप नेणार. मी सांगितलं, इंजिन परत पाहिजे. ताईने तिकडून निरोप पाठवला की मासा नारळाच्या दुधात करू की भाजू? मी म्हटलं, आधी इंजिन. निरोप आला की कालिओवा रोज रात्री मामासाठी प्रार्थना करतो. माझा आवाज चढला. तर मेरेसेइनी म्हणाली, "हे मी तिकडे नेणार नाही. स्वतः जाऊन सांगा." ते शक्य नव्हतं. शेवटी ठराव झाला तो असा की कंपनीला आपला भाचा आवडतो. मासा नारळाच्या दुधातच केला होता.

काल म्हातारी बुबू अकानिसी, जी कायम माझ्या होडीत पुढे बसते, किनाऱ्यावर भेटली. म्हणाली, "एपरामा, तुझी कंपनी वल्हं मारते का रे? नाहीतर शनिवारी मी दुसरीकडे बसते." इनोसी, ही जुनी रीत माणसाला एक दिवस बुडवणार, कायद्याचाच काय तो आधार, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मामा-मामींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
एपरामा

ता.क. मामांच्या घराखाली झावळ्यांनी झाकलेलं एक इंजिन आहे, असं कळलं. मामा आता समुद्रावर जात नाहीत. माझी आई त्यांची सख्खी बहीण, म्हणजे मीही कुणाचा तरी भाचाच की. शुक्रवारी येतो. मुळी चांगली आणतो.

ता.क. दुसरा. तोवर मामांना कंपनी काढू देऊ नकोस. आणि काढलीच असेल, तर तिची चटई कोणती ते तेवढं दाखवून ठेव.