खुर्चीवाल्या आत्याच्या माघारी दुकान

मी, गल्लीत सगळे जिला खुर्चीवाली आत्या म्हणतात ती, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या भावाला तो खोटा वाटल्यास त्याने आधी स्वतःचा आणून दाखवावा.

१. वेताच्या खुर्च्या विणायचं माझं स्वकष्टार्जित दुकान, वेताची भेंडोळी, आऱ्या, पकडी आणि वेत भिजवायच्या टबासह, मी माझ्या भाचीला देते. डॉक्टर तिला स्वमग्न म्हणतात. आमच्या घराण्यात स्वतःत मग्न नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ही निदान काम तरी करते.

पाहुणे विचारतात, "हिच्यात काही खास शक्ती आहे का हो?" आहे. रोज कामावर येते. दिवसाला एक खुर्ची विणते, कधी पाऊणच. गिऱ्हाईक फार बोलायला लागलं की खुर्ची उचलून आत जाते. मलाही पुष्कळदा तसंच करावंसं वाटायचं, पण मला धंदा सांभाळायचा होता.

२. रोजगार मार्गदर्शन केंद्राला मी एक खुर्ची देते. गिरणी बंद पडल्यापासून या गावात मुलाखत घेणारा कोणी उरला नाही, पण मुलाखत कशी द्यावी याचे वर्ग जोरात चालतात. हात कसा मिळवावा, डोळ्यांत बघून कसं हसावं, हे शिकण्यात भाचीची दोन वर्षं गेली. नोकरीच्या नावाने तोंडाला पानं पुसली. मी तिला कामावर घेतल्यावर मात्र केंद्राच्या बाई फोटोवाल्याला घेऊन आल्या, आरी उलटी धरून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या, आणि तो फोटो आता त्यांच्या भिंतीवर 'आमचं यश' म्हणून लागला आहे. त्या दिवशी बाईंनी बसायला खुर्ची मागितली होती, ती घेऊन जावी. नुसती चौकट आहे, बैठक विणलेली नाही. बाई, पुन्हा चौकशीला येऊ म्हणाला होतात. आलात की विणून देऊ.

३. माझ्या भावाला, म्हणजे भाचीच्या बापाला, मी नोकरी देते. मी आजारी असताना तो माझ्या उशाशी बसून वहिनीला म्हणाला, "पोरीला काय कळतंय? दुकान विकून टाकू. मोबाइलवाला चांगला भाव देतोय." मी डोळे मिटले होते, कान नव्हे. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून तो नाक्यावर उभा राहून गावाची चिंता करतो, म्हणजे बोलण्याचा अनुभव दांडगा. त्याने गिऱ्हाइकांशी बोलावं आणि फोन घ्यावा. पहिले तीन महिने कच्ची नेमणूक. ठेवायचा की नाही ते भाची ठरवील. तिच्या डोळ्यांत बघून हसायची त्याला सक्ती नाही. दुकान विकलं जाऊ नये हे बघायला मी कोपऱ्यावरच्या वखारवाल्यांना या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. त्यांच्याशी माझं वीस वर्षं भांडण आहे. इतका चिवट माणूस दुसरा मिळायचा नाही.

४. वहिनीला माझं कपाट. किल्ली देत नाही, ती तिच्याकडे आधीपासून आहेच.

५. इथवरचं सगळं घरात वाचून दाखवलं तेव्हा ज्याने त्याने आपापल्या वाट्याचं विचारलं. भाचीने विचारलं, "आत्या, तू मरशील त्या दिवशी दुकान उघडायचं का?"

वहिनी तिच्यावर धावून गेली. "असं अभद्र बोलतात का?"

दुकानाचं विचारणारी ती एकटीच निघाली. मला रडू आलं, हे इथे नोंदवून ठेवते.

तर उत्तर असं. उघडायचं, रोजच्या वेळेला. आदल्या रात्री भिजवलेला वेत माझ्यासाठी थांबत नाही, वाळला की तडकतो. मला पोहोचवायला माणसं पुष्कळ येतील आणि बोलतीलही पुष्कळ. त्या गर्दीत भाचीला कोणी ओढून नेऊ नये. लोक नावं ठेवतील. ठेवू देत.

६. गल्ल्यामागची माझी खुर्ची कोणाला देऊ, असं मी तिलाच विचारलं.

"कोणाला नको. तिच्यावर तू बसतेस."

ती खुर्ची मी कोणालाही देत नाही.

सही: खुर्चीवाली आत्या
साक्षीदार: १. समोरची शिंपीण २. औषधांचे दुकानदार (दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, हे सांगूनच सही घेतली)
ठिकाण: दुकानातच
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, वेत भिजत घातल्यावर