कांताबाई गजभिये यांचा काळा मसाला

बिबवेवाडी, पुणे
३ मार्च २०२४

ती. सुखदेवमामांस,
पूर्वाचा सविनय जयभीम.

वि. वि. घशाच्या ऑपरेशनची जखम आता भरत आली असेल. फोनवर तुम्हाला बोलता येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून आईने मला कागद-पेन घेऊन बसवलं आहे.

बाबा गेले, खडकीचं क्वार्टर सुटलं, मग माझी नोकरीही गेली. तेव्हापासून आईच्या काळ्या मसाल्यावर घर चाललं आहे. समोरच्या मोठ्या सोसायटीतल्या बायका नेमाने घेतात. त्यातल्या द्वारकाकाकू तर आईला हाताला धरून बागेतल्या बाकावर बसवतात आणि तासभर सोडत नाहीत. बाबांनंतर आई इतकं मोकळं बोलते ती फक्त तिथेच.

परवा छोट्या व्यावसायिकांच्या विक्री-शिबिराला गेले होते. तिथले सर म्हणाले, लोक पाकीट विकत घेत नाहीत, माणसाकडून घेतात. आपल्या पाकिटावर नुसतंच ‘घरगुती काळा मसाला’ आहे. त्यावर आईचं नाव आणि फोटो टाका म्हणाले. तुम्ही जन्मभर आठवडी बाजारांत भांडी विकलीत. तुमचं काय मत? आई लाजते आहे, पण फोटोसाठी कुठलं लुगडं नेसायचं ते तिने ठरवून ठेवलं आहे.

मामींना नमस्कार. तुम्ही आमची आठवण ठेवता, तशीच ठेवा.

तुमची,
पूर्वा

*

पुलगाव
१२ मार्च २०२४

चि. पूर्वा हिस,
मामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. आवाज गेल्यापासून तुझी मामी सुखी आहे, भांडणात दरवेळी तीच जिंकते.

पोरी, शिबिराचे सर चूक सांगत नाहीत. पण आधी माल हातात दे, मग बोल. मी पितळी गंज, पातेली विकताना गिऱ्हाइकाला भांडं वाजवून पाहायला द्यायचो. तू पाकीट उघडून वास घेऊ दे. आपलं कौतुक सांगू नकोस. घेणाऱ्या बाईला तिच्या घरी काय शिजतं, कोण तिखट खातं, ते विचार. घासाघीस केली तर भाव पाडू नकोस, चिमूटभर जास्त दे. घाईत असलेल्या बाईला काही विकू नकोस, तिला नुसतं ओळखून ठेव.

फोटो अवश्य टाक. कांता फोटोत नेहमी डोळे मिटते, तेवढं सांभाळ. नावाचं म्हणशील तर नुसतं ‘कांताबाई’ लिहिलं तरी भागतं. नीट विचार करून ठरव.

तब्येतीला जपा, दोघी एकमेकींना सांभाळा.

तुझा मामा,
सुखदेव

*

बिबवेवाडी, पुणे
२८ एप्रिल २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम.

वि. वि. तुम्ही नुसतं ‘कांताबाई’ का सुचवलं होतंत, ते मला आत्ता कळलं. मी पूर्ण नाव छापलं. मोठ्या अक्षरांत, ‘कांताबाई गजभिये यांचा काळा मसाला’. शेजारी आईचा हसरा फोटो. पहिलं पाकीट आईने बाबांच्या तसबिरीपुढे ठेवलं, मग गल्लीभर दाखवून आली.

पाकिटं सोसायटीत गेली आणि दोन दिवसांनी एक बाई फोनवर चौकशी करू लागल्या. तुम्ही मूळच्या कुठल्या, कोणाच्यातल्या, मसाला घरच्याच स्वयंपाकघरात करता का. मी सरळ सांगितलं. त्यानंतर सोसायटीतल्या सगळ्यांना एकदमच पित्ताचा त्रास सुरू झाला आहे. कुणाला डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलं, कुणाचे मिस्टर नको म्हणतात. काहींनी न फोडलेली पाकिटं वॉचमनकडे परत ठेवली. द्वारकाकाकूंचंही त्यात होतं.

मामा, आईला वाटतं आहे मसालाच बिघडला. म्हणते, या वेळी धणे जळले असणार, माझी नजर आता काम देत नाही. अख्खा घाणा तिने फेकून दिला. पुन्हा भाजते, पुन्हा वास घेते, मला चाखायला लावते. मी चांगला झालाय म्हटलं तर म्हणते, तू मुलगी आहेस, तू असंच म्हणणार.

शिबिराच्या सरांना विचारलं. म्हणाले, आडनाव काढा, ‘आजीचा मसाला’ लिहा, मार्केट असंच असतं. पण आडनाव काढलं तर आई का म्हणून विचारेल. मी काय सांगू? उत्तराची वाट पाहते आहे.

तुमची,
पूर्वा

*

पुलगाव
५ मे २०२४

चि. पूर्वा हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून उठलो, अंगणात गेलो, ओरडावंसं वाटलं. आवाज गेल्याचं दुःख या वर्षात एवढं कधी झालं नव्हतं.

नावाचं मी तुला स्पष्ट सांगायला हवं होतं, पण तुझ्या उत्साहावर पाणी ओतवेना. भांडी घेताना माझं आडनाव विचारणारे भेटले, गंज खाली ठेवून निघून जाणारेही भेटले. पुण्यात आता हे नसेल असं मला वाटून गेलं होतं.

तू कांताला आजच सांग. ती हे सगळं तुझ्या जन्माआधीपासून ओळखते. त्याने ती मोडणार नाही. आपल्या हाताची चव गेली असं समजून मात्र ती खचेल. तिच्यावर तो अन्याय आपण करू नये. नावाचं काय करायचं ते तिलाच ठरवू दे. आणि गिऱ्हाईक गेलं तर दुसरा बाजार धरायचा. खडकीच्या क्वार्टरांमध्ये तुझ्या बाबांचे सोबती आहेत, मुलांच्या खाणावळी आहेत. तिकडे जा.

धीर धर. लगेच लिही.

मामा

*

बिबवेवाडी, पुणे
१६ जून २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम.

वि. वि. पत्र आलं त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. ती परात पुसत होती. बराच वेळ पुसतच राहिली. मग एवढंच विचारलं, म्हणजे धणे जळले नव्हते ना? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग तो घाणा उगाच फेकला गं.

नाव राहू दे म्हणाली. फोटो मात्र काढायला लावला. त्यांच्या ओट्यावर बसून मला हसायचं नाही, म्हणाली.

खडकीत बाबांच्या मित्रांनी पाकिटं घेतली. दोन खाणावळीही मिळाल्या, पण त्यावर घर भागत नाही. मी पुढच्या आठवड्यापासून एका दुकानात कामाला लागते आहे. आई मसाला करते, पण पूर्वीसारखं गुणगुणत नाही.

काल आम्ही मंडईत लिंबं घेत होतो. मागून कुणीतरी कांताताई म्हणून हाक मारली. द्वारकाकाकू होत्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, मुलगा परदेशी निघालाय, त्याला तुमचाच मसाला हवाय, दुसरा कुठला आवडत नाही. मग जरा जवळ सरकून म्हणाल्या, तेवढं पाकीट नको, साध्या पिशवीत भरून वॉचमनकडे ठेवा, घरात सासूबाई आहेत, तुम्ही समजून घ्याल.

आईने हात हळूच सोडवून घेतला. मुलाला माझे आशीर्वाद सांगा, म्हणाली. आणि म्हणाली, आमच्याकडे सुटा मिळत नाही.

मला फार अभिमान वाटला, मामा. बसमध्ये मी तिला तसं सांगायला वळले, तर ती पदर तोंडाला लावून रडत होती. तुटक तुटक म्हणाली, वाईट बाई नाही गं ती. बाकावरून उठताना माझा गुडघा धरायचा ना, तर रोज आधी उठून मला हात द्यायची.

अभिमानाचं सांगायचं राहूनच गेलं. तुम्हीच तिला चार ओळी लिहा.

तुमची,
पूर्वा