भुंग्याची गुणगुण

७ नोव्हेंबर

पोरी, आधी माफ कर. वही देताना तू बजावलं होतंस, बाबा, रोज लिहा, म्हणजे तुम्ही नुसती काळजी करत बसणार नाही. इथे येऊन आठवडा झाला आणि मला आज मुहूर्त लागतोय. एक तर सातवी शिकलेला हात, त्यात चष्म्याची काडी मोडली. आता दोऱ्याने बांधली आहे.

नोकरी चांगली आहे, मी उगाच घाबरत होतो. कोर्टाने तपासणीसाठी पाठवलेले आरोपी या वॉर्डात ठेवतात. इथले लोक त्यांना 'पाहुणे' म्हणतात. माझ्या वाट्याला एकच पाहुणा आहे. त्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं, तो काय करतो ते बघायचं आणि संध्याकाळी डॉक्टरांना सांगायचं. त्याच्याशी बोलायचं नाही, एवढा एकच नियम. दाढीवाला वॉर्डबॉय म्हणतो, आजोबा, बसायचा पगार मिळतोय तुम्हाला, आमचा मेहुणा हे काम वर्षानुवर्षं फुकट करतोय. खिडकीतून ऊन येतं, गुडघ्यांना बरं वाटतं.

तुझ्या लेकाला, माझ्या भुंग्याला सांग, बोबा रविवारी फोन करेल. त्याला येणारा 'बोबा' हा एकच शब्द, आणि तोही फक्त माझ्यासाठी. ऐकल्याशिवाय करमत नाही बघ.

१० नोव्हेंबर

पाहुणा तरणाताठा, गोड माणूस आहे. डोळ्यांत डोळे घालून हसतो. आज त्याने उठून माझ्या शर्टाचं गळ्याचं बटण लावून दिलं, म्हणाला, बाबा, गार वारा आहे. बोटं हलकी, बाईच्या हातासारखी. मला बरंच वाटलं. नंतर दाढीवाल्याने सांगितलं, याने सख्ख्या बहिणीचा गळा दाबला, आणि त्याआधी तिच्या झग्याचं बटण असंच लावलं होतं. जेवण गेलं नाही.

त्याच्यावरून दोन डॉक्टरांची जुंपली आहे. मोठे डॉक्टर म्हणतात, बहिणीच्या प्रेताशेजारी हा शांत बसून होता, त्याला माणसांची मनं कळत नाहीत, हा स्वमग्नच. तसं ठरलं तर तुरुंग टळून इस्पितळ मिळेल. डॉक्टरीणबाई तडकून म्हणाल्या, आजकाल प्रत्येक खुन्याच्या वकिलाला ऑटिझम आठवतो, आणि बदनाम होतात ती बिचारी खरी पोरं. मी मनात म्हटलं, बाईंच्या तोंडात साखर पडो. आमचा भुंगाही स्वमग्नच, पण मुंगीलाही वाट देतो.

१४ नोव्हेंबर

एक चूक झाली. दिवसभर गप्प बसणं मला जमेना. पाहुणा हळूच विचारायचा, घरी कोण असतं, आणि मी भुंग्याबद्दल सांगत सुटलो. चमचे भिंतीलगत कसे लावतो, शिट्टी ऐकली की कोपराने कान कसा झाकतो. तो एखाद्या नातेवाइकासारखा ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, मला द्या ना तो.

मी हसण्यावारी नेलं.

१७ नोव्हेंबर

पाहुण्याने आज चमचे भिंतीलगत लावले. बाहेर शिट्टी वाजली तसा कोपर कानावर गेला. मोठे डॉक्टर खूश. मी धीर करून डॉक्टरीणबाईंना सांगितलं, बाई, हे मीच बोलून बसलो, तो नक्कल करतोय. त्या रागावल्या, पण म्हणाल्या, खरं सांगितलंत हे बरं केलंत. माझा जीव भांड्यात पडला.

२० नोव्हेंबर

आज तो गुणगुणत होता. नाकातून, वर चढणारी, मधेच तुटणारी — भुंग्याची गुणगुण. ही मी सांगितली नव्हती. सांगणार कशी? मला ती काढताच येत नाही.

आता तो डोळ्यांत बघत नाही. हसतही नाही. डॉक्टरीणबाई बराच वेळ त्याच्याजवळ बसल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, बाबा, ही नक्कल नाही. इतका वेळ कोणाला सोंग आणता येत नाही. माझंच चुकलं.

बाई, तुमचं चुकलं नव्हतं. तेव्हा नव्हतं.

२२ नोव्हेंबर, रविवार

तुझा फोन. केवढी आनंदात होतीस! भुंगा बोलायला लागला. सरळ तुझ्या डोळ्यांत बघून हसला. गुणगुण थांबली, चमचे टाकून दिले. तू रडत होतीस, मीही रडलो असतो, पण तू पुढे म्हणालीस — जवळ आला आणि माझ्या गळ्याचं बटण लावून दिलं, बाबा. म्हणाला, गार वारा आहे.

मी ओरडलो असेन. तू चिडलीस, पोराचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही का, म्हणालीस. फोन ठेवलास.

२३ नोव्हेंबर

फोन उचलत नाहीस. दाढीवाल्याच्या फोनवरूनही लावला. मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आजोबा, तुम्हाला रजेची गरज आहे. दोन्ही डॉक्टरांचं आता एकमत झालंय. पाहुणा इस्पितळातच राहणार.

शेजारणीला तरी बोलव. एकटी राहू नकोस त्याच्याजवळ —

२४ नोव्हेंबर

खुर्चीत बसूनच लिहितोय. पाहुणा जवळ आला. मी गळ्यावर हात धरला. पण त्याने बटणाला हातच लावला नाही. खाली बसला आणि माझ्या दंडावर कपाळ घासत राहिला. भुंगा झोप आली की घासतो, तसंच. एवढा थोराड माणूस, कोपर कानावर, घाबरलेला. मी डोक्यावरून हात फिरवला तशी गुणगुण सुरू झाली.

मग म्हणाला — बोबा.

पोरी, हा आपला आहे. हा इथे आहे, माझ्याजवळ. याला घरी यायचंय. मग तुझ्याजवळ जो —

इस्पितळाची जेवणाची गाडी तुमच्याकडच्या रस्त्याने जाते, ड्रायव्हरच्या हाती हे पान देतोय. वाचलंस की तशीच बाहेर पड. वरच्या बटणाला कोणालाही हात लावू देऊ नकोस, कितीही गोड बोलला तरी. आणि कळव. एका शब्दाने कळव, पण लवकर, तू बरी आहेस एवढंच —

शिट्टी झाली. हा कान झाकतोय. दाढीवाला दारात आलाय, म्हणतो, आजोबा, घरून फोन आहे, नातू बोलतोय, किती स्पष्ट बोलतो हो, म्हणतो की आई