गाडी उभीच होती

तीर्थरूप दादास,

नमस्कार. हा नमस्कार मी वाकून करते आहे, पुढचं पत्र मात्र ताठ मानेने लिहिलेलं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. तुझी सर्दी कशी आहे? वहिनींची कंबर कशी आहे? (बरी आहे हे मला माहीत आहे, पण विचारायची रीत आहे.) आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे. माझी एक्स-रे खोलीतली नोकरीही चालू आहे, म्हणजे माणसं अजून पडताहेत, घसरताहेत आणि माझं बरं चाललं आहे.

तुझं पत्र पोचलं. फोन उचलायचा नाही आणि टपालाने चार पानं पाठवायची, हा तुझा रागाचा प्रकार मला लहानपणापासून ठाऊक आहे; तेव्हा तू शेजारच्या खोलीतून चिठ्ठ्या सरकवायचास. पत्राचा मथितार्थ असा, की मी तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं वाटोळं केलं. माझ्या फोटोत तू गाडीत तोंड उघडं टाकून झोपला आहेस, शेजारी स्टिअरिंग वहिनींच्या हातात आहे, आणि तो फोटो आमच्या फोटो काढणाऱ्यांच्या गटातून फिरत फिरत तुझ्या गिऱ्हाइकांपर्यंत गेला. औषधाच्या दुकानदाराने मुलीचं नाव काढून घेतलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रोज ‘मास्तर, झोप झाली का’ म्हणून विचारतो. तेव्हा मी कापाकापी न केलेला अख्खा फोटो गटावर टाकावा, म्हणजे गाडी जागची हललेली नव्हती हे जगाला दिसेल, आणि त्यानंतर हा छंद कायमचा बंद करावा, असा तुझा हुकूम आहे. दादा, यातलं काहीही होणार नाही.

आधी हा छंद काय आहे ते नीट समजून घे, कारण तू त्याला ‘फोनवरचा चाळा’ म्हटलं आहेस आणि ते मला झोंबलं आहे. आमच्या गटात दर सोमवारी सकाळी एक शब्द येतो. त्या शब्दावर रविवार संपायच्या आत एक फोटो काढायचा. जुना चालत नाही, दुसऱ्याचा चालत नाही, आणि आठवडा चुकला की नाव बाद. ऐकायला सोपं वाटतं. तूच सांग, ‘शेजार’ या शब्दाचा फोटो कसा काढशील? मी गच्चीतून खालच्या काकांच्या दोरीवरचे कपडे टिपले. काका तरातरा वर आले आणि दोरी हद्दीच्या आत असल्याचं मला टेपने मोजून दाखवलं. ‘लाल’ आला तेव्हा आमच्या एक्स-रे खोलीच्या दारावरच्या लाल दिव्याचा फोटो काढला, तर आमच्या मोठ्या डॉक्टरांना वाटलं मी वायरिंगची तक्रार वर पाठवते आहे. दुसऱ्या दिवशी नवीन दिवा आला. (सहा वर्षं मागत होतो.) चाळ्याने दिवे येत नाहीत, दादा.

अडचण माणसांच्या फोटोत होती. आता तीस वर्षं ज्या बाईने लोकांना ‘हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरा, हलू नका’ एवढंच सांगितलं, तिच्या तोंडून कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यावर दुसरं काय निघणार? मी म्हणते आणि माणसं ऐकतात. ‘गती’ या विषयासाठी मी एका सायकलवाल्याला थांबवून श्वास धरायला लावला. ‘निळा’च्या वेळी आमच्या शिंप्याला निळ्या कापडापुढे उभं केलं, ‘धरा’ म्हटलं, तेवढ्यात फोन वाजला आणि ‘सोडा’ म्हणायचं राहूनच गेलं. बिचारा आज्ञाधारक निघाला. रंग मात्र विषयाला धरून आला. आणि ह्यांचं तर विचारूच नकोस, हातात कॅमेरा दिसला की आपणहून शर्टाची बटणं काढायला लागतात. आमचे परीक्षक (आयुष्यभर नकाशे काढलेले गृहस्थ, गटात त्यांना सगळे ‘कडक काका’ म्हणतात) दर आठवड्याला माझ्या फोटोखाली एकच ओळ लिहायचे, की या बाईंच्या फोटोतली माणसं रिपोर्टची वाट बघत उभी असल्यासारखी का दिसतात. मी रडले नाही, पण जेवले नाही.

आणि मग आला ‘विश्वास’. अख्खा आठवडा मी नुसती फिरले. रविवारी तुम्ही दोघं जेवायला आलात, तोवर माझ्याकडे एकही फोटो नव्हता आणि नाव बाद व्हायची वेळ आली होती. सर्दीची गोळी घेऊन तू पेंगत होतास. ‘पाच मिनिटं गाडीत डोळे मिटतो, मग निघू’ म्हणालास, आणि आयुष्य ज्या बाजूला बसण्यात गेलं त्याच बाजूचं दार उघडून, स्टिअरिंग रिकामं सोडून, मास्तरांच्या जागेवर बसलास. (दवाखान्यातून घरी आल्यावर मी शेजारणीला ‘पुढचा पेशंट’ म्हणते, तेव्हा यात हसण्यासारखं काही नाही.) मग वहिनी कुठे बसणार? उरलेल्या जागेवर बसल्या. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला, कारण हात कुठे तरी ठेवावे लागतात. मी मागच्या सीटवर बसले आणि दोन सीटांमधून पुढे वाकून फोटो काढला. गाडी माझ्या दाराशी, झाडाखाली, उभी होती. हे मी औषधवाल्यालाही जाऊन सांगितलं आहे, इस्त्रीवाल्यालाही सांगितलं आहे, आणि इथे पुन्हा लिहून देते.

त्या फोटोला पहिला नंबर मिळाला. कडक काकांनी लिहिलं, ‘या बाईंच्या फोटोत प्रथमच कोणी तरी श्वास घेत आहे.’ तुला ती थट्टा वाटली. मी ती ओळ ह्यांना तीनदा वाचून दाखवली आणि भरपूर जेवले.

आता अख्ख्या फोटोबद्दल. मी ज्या धंद्यात आहे तिथे डॉक्टरांनी गुडघा मागितला तर गुडघाच द्यायचा असतो, मांडी दाखवायची नसते. मला विश्वास मागितला होता. विश्वास तुझ्या उघड्या तोंडात होता, वहिनींच्या हातात होता आणि आरशात दिसणाऱ्या त्यांच्या डोळ्यांत होता. तेवढा ठेवला, बाकीचा कापला. कापलं त्यात गाडीचं उभं असणंही गेलं, त्याला मी काय करू? कलेत असं होतं. तू तुझ्या शिकाऊ मंडळींना क्लच कधी सोडायचा ते सांग, फोटो कुठे कापायचा ते मला कळतं. अख्खा फोटो मी कुणालाही दाखवणार नाही, तुला तर नाहीच.

आणि छंदही बंद होणार नाही. तू लिहितोस की या वयात हे शोभत नाही. दादा, मी उभ्या आयुष्यात हजारो माणसं आतून पाहिली. कोणाची बरगडी कुठे सांधली आहे ते मला आठवतं, चेहरा आठवत नाही. बाजारात लोक मला ओळख देतात आणि मी त्यांच्या खांद्याकडे बघत राहते. आता कुठे मी माणसं बाहेरून बघायला लागले आहे, आणि मला ती फार आवडायला लागली आहेत. तूसुद्धा. झोपलेला असताना विशेष. तेव्हा रागव, फोन उचलू नकोस, आणखी चार पानं पाठव. सोमवारी शब्द येणार आणि मी कॅमेरा घेऊन बाहेर पडणार.

प्रकृतीस जप. सर्दीची गोळी घेतलीस तर घरातच राहा.

तुझी न ऐकणारी,
धाकटी

ता. क. पुढच्या रविवारी वाचनालयाच्या दालनात आमच्या गटाचं प्रदर्शन आहे. तुझा फोटो दाराएवढा मोठा करून दर्शनी भिंतीवर लावत आहेत. आता काही करता येणार नाही, फ्रेम झाली आहे.

ता. क. २. हे मी वहिनींना विचारून लिहिते आहे, त्या शेजारीच बसल्या आहेत. गाडी उभी नव्हती. म्हणजे आधी उभी होती. मग वहिनींनी किल्ली फिरवली. त्यांनी गाडी शिकून घेतली आहे, रीतसर परवानासुद्धा काढला आहे, आणि शिकल्या त्या बाजारातल्या तुझ्या प्रतिस्पर्ध्याकडे, ज्याला तू ‘ब्रेकफेल’ म्हणतोस. तू साऱ्या गावाला गोड आवाजात शिकवतोस आणि त्यांनी विषय काढला की ‘तुला जमायचं नाही’ म्हणतोस, मग दुसरं काय करणार? अख्ख्या फोटोत समोर धावती बस आहे आणि काटा चाळिसावर आहे. तो गटावर टाकू का, आता तूच सांग. आम्ही तळ्याला मोठा फेरा मारला, फाटकाशी थांबलो, चढावर गिअर बदलला, येताना कोथिंबीर घेतली आणि गाडी त्याच झाडाखाली आणून लावली. जागा झाल्यावर तू खाली उतरून, गाडी किती सरळ लावली आहे बघा, म्हणून स्वतःचीच पाठ थोपटलीस. आम्ही कोथिंबीर घेऊन आत गेलो.

ता. क. ३. औषधवाल्याच्या मुलीला परत आणायचं मी बघते. तुझ्याकडे मागणं एकच आहे. त्या अख्ख्या फोटोत मी तुझ्या पायांकडे सारखी बघत असते. मास्तरांच्या बाजूला जो जादा ब्रेक बसवलेला असतो, त्यावरचा तुझा पाय कोणासाठी कधी उचललेला मी पाहिला नाही. तू माझ्या सोफ्यावर बसून टीव्हीतल्या गाडीलासुद्धा ब्रेक मारतोस. फोटोत तू चपला काढून, सीटवर मांडी घालून झोपला आहेस. गाडी चाळीसने चालली आहे आणि तुझं शरीर निर्धास्त आहे. वहिनींना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी तो फोटो माझ्याकडून मागून घेतला. तेव्हा रविवारी प्रदर्शनाला येताना किल्ली त्यांच्या हातात दे, आणि या वेळी जागा राहा. बघण्यासारखी चालवतात.