करड्या ओळी

३ नोव्हेंबर, सोमवार

पाता! माणसाच्या पायाला पाता! स्पॅनिशमध्ये पाता म्हणजे जनावराचा पाय, नाहीतर टेबलाचा. माणसाचा तो पिएर्ना. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे येतं. आणि ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटला हे सांगतायत — झोपताना पाता उशीवर ठेवा!

पुस्तिका अडतीस पानांची. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा हॉस्पिटलची. घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची, कधी धावत परत यायचं. इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायची, पुढच्या शुक्रवारपर्यंत. काम भावेशच्या नायगावच्या ऑफिसचं, मी करते भुईगावात, घरी बसून.

आणि स्क्रीनवर पाहावं तर जागोजागी ओळी करड्या! करडी ओळ म्हणजे कुलूप. कोणीतरी कधीतरी, कुठल्यातरी भलत्याच कामात तो शब्द केलेला असतो. क्लायंटचं, म्हणजे जगभरची कामं गोळा करून आम्हाला पाठवणाऱ्या परदेशी कंपनीचं, मशीन तो आपल्या मेमरीत जपून ठेवतं आणि जन्मभर तोच वाढतं. इंग्रजी शब्द एक, तर स्पॅनिशही एकच! बॅक म्हणजे रेस्पाल्दो. अहो, रेस्पाल्दो म्हणजे खुर्चीची पाठ! माणसाची पाठ एस्पाल्दा. चेस्ट म्हणजे आर्कोन — पेटारा! पेटाऱ्यात दुखू लागल्यास ताबडतोब डॉक्टरांना कळवा. जॉइंट म्हणजे सुताराचा सांधा.

प्रत्येक ओळीखाली एकच कोड. टी-१४. हा माणूस भाषांतरकार आहे की सुतार?

४ नोव्हेंबर

भावेशला फोन केला. शांत राहायचं ठरवून केला. नाही जमलं.

"अक्षयाताई, करडं आहे ना, मग सोडून द्या. पांढऱ्या ओळी करा फक्त. मेमरी क्लायंटची आहे, हात लावलेला आवडत नाही त्यांना."

"आणि पेशंट वाचणार त्याचं काय?"

"पेशंट आपला क्लायंट नाही ना ताई."

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहून ठेवतेय. पुढे कधी वाटलं की भावेश तसा बरा मुलगा आहे, तर हे पान काढून वाचायचं.

टी-१४ कोण, विचारलं. त्यालाही माहीत नाही. ऑफिस वसईत होतं, ज्युलियस सर चालवत होते, तेव्हाचा कोड. ते भावेशला ऑफिस विकून मुलीकडे कॅनडाला गेले. कोणता नंबर कोणाचा, ती यादी क्लायंटकडे. आम्हाला कधी कोणी दाखवलीच नाही.

पण त्यात शोधायचं काय आहे? ज्युलियस सरांकडे स्पॅनिशवाल्या दोघीच होतो. मी आणि फेलिशिया. मी नाही. मग उरलं कोण?

६ नोव्हेंबर

आज पान एकवीस. 'स्टूल', म्हणजे इथे शौच. करडी ओळ. ताबुरेते. म्हणजे बसायचं स्टूल! "ताबुरेतेमध्ये रक्त दिसल्यास किंवा ताबुरेतेचा रंग काळा झाल्यास त्वरित हॉस्पिटल गाठा."

लॅपटॉप बंद केला. उठून वाडीत गेले. चाफ्याच्या रांगेतून दोन चकरा मारल्या.

दोन वर्षांपूर्वी बाबांना असाच कागद मिळाला होता. गुडघ्याच्या गोळ्या चालू होत्या. कागद इंग्रजीत. मी वाचला, दोनदा वाचला. सातवी ओळ हीच. आणि ही ओळ मी बाबांना सांगितली नाही. लाज वाटली! बापाच्या तोंडावर शौचाचं काय बोलायचं? म्हटलं, आई सांगेल. आईला वाटलं, कागदात काही विशेष नसेल, नाहीतर अक्षया बोलली असती. बाबा चार दिवस काळं शौच होतंय ते पाहत होते आणि गप्प होते. पाचव्या दिवशी केळीच्या आळ्यात पडलेले सापडले. चार बाटल्या रक्त चढवलं. वाचले. पण तेव्हापासून वाडीत नुसते बसून असतात, कोयता हातात धरवत नाही.

तिकडे कोणीतरी म्हातारा ही पुस्तिका हातात धरून घरातलं स्टूल उलटं करून बघेल. लाल नाही, काळं नाही. ठीक आहे म्हणेल आणि झोपेल.

मी ही ओळ सोडणार नाही. काय करायचं ते करा.

७ नोव्हेंबर

रागाने डोकं दुखतंय. एकही पांढरी ओळ केली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

फेलिशिया भेटली. चर्चमधली मिसा सुटल्यावर येत होती. सहा महिने आम्ही बोललो नव्हतो — ती ऑफिस सोडून शाळेत लागली आणि मला दुसऱ्यांकडून कळलं, तेव्हापासून. आज मीच तिला गल्लीच्या तोंडाशी अडवलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"टी-१४ तू आहेस ना?"

तिला आधी काही कळेचना. मी सगळं सांगितलं, पाता, पेटारा, ताबुरेते. ताबुरेतेला ती खुदकन हसली. तिथे माझं टाळकंच सटकलं! काय काय बोलले. फुकटची सर्टिफिकेटं, आळशी, माणसाच्या जिवाशी खेळ. येणारे जाणारे थांबून बघत होते.

ती हसायची थांबली. म्हणाली, "अक्षया, दहा वर्षं ओळखतेस मला. मी पेशंटला पाता लिहीन?" मग, "ते शब्द कुठल्यातरी जुन्या कामातले असणार. काम कुठलं होतं ते आधी बघ. असं कोणाच्या पोटावर पाय देऊ नकोस."

म्हणे पोटावर पाय! मी म्हटलं, असल्या माणसाच्या पोटावर दोन्ही पाय देईन.

ती गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

१० नोव्हेंबर

क्लायंटला थेट मेल टाकली. भावेशला न विचारता. बोंबलू दे.

एकूण त्र्याण्णव करड्या ओळी. एकेक ओळ, तिचा पेशंटला लागणारा अर्थ आणि योग्य शब्द, सगळं लिहिलं. ताबुरेते सर्वात वर. बाबांचंही लिहिलं, नाव न घेता. आणि शेवटी — ज्या व्यक्तीला माणसाचं अंग आणि लाकूड यातला फरक कळत नाही, त्या टी-१४ला तुमच्या कुठल्याही कामाला परत हात लावू देऊ नये. आजवरचं त्यांचं सगळं काम तपासावं. मी हे जबाबदारीने लिहीत आहे.

आई चहा घेऊन आली. "एवढी कोणावर चिडलीयस?"

"आहे एक गाढव."

"नाव काय त्याचं?"

"नंबर आहे नुसता."

"मग नाव तरी विचार आधी," म्हणाली आणि कप ठेवून गेली. हिचं आपलं काहीतरीच.

१२ नोव्हेंबर

उत्तर नाही. भावेशचे सात मिस्ड कॉल. उचलणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकले!! हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः माझी यादी वाचली. त्र्याण्णवच्या त्र्याण्णव ओळींचं कुलूप काढलं. पिएर्ना. एस्पाल्दा. छातीला पेचो. आणि पान एकवीस — शौचाला एसेस! बरोबर शब्द, साधा शब्द, कोणाही म्हाताऱ्याला कळेल असा. संध्याकाळी पाचला अडतीस पानं पाठवून दिली.

क्लायंटचे आभार. टी-१४बद्दलची तक्रार गंभीरपणे घेतली आहे, योग्य ती कारवाई होईल, म्हणे. झालीच पाहिजे!

भावेशचा एकच मेसेज. "ताई, मला विचारायचं होतं एकदा." तुला विचारलं असतं तर आजही ताबुरेतेच असतं रे बाबा.

१५ नोव्हेंबर

दुपारी वाडीत बाबांजवळ बसले. पुस्तिका मराठीत वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. एकविसावं पानही. आवाज चोरला नाही, शब्द गिळला नाही. शौच म्हटलं, रक्त म्हटलं, काळं म्हटलं.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "एवढं सोपं होतं सांगायला?"

मी पुस्तिका मिटली. राग कुठे गेला कळेना. खरं म्हणजे कळलं, पण ते आज लिहायचं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून लॉगिन होत नाही. पासवर्ड तीनदा टाकला. शेवटी भावेशला फोन केला.

"ताई, टी-१४चं खातं बंद केलंय त्यांनी. कायमचं. आज कोडांची यादी पाठवली मला. ते तुमचं खातं आहे ताई."

त्या करड्या ओळी म्हणजे ज्युलियस सरांनी दिलेलं माझं पहिलं काम, २०१९चं. फर्निचरच्या दुकानाचा कॅटलॉग. स्टुलं, पेटारे, खुर्च्यांच्या पाठी, टेबलांचे पाय. फेलिशियाने शेजारी बसून ओळ न् ओळ तपासली होती. एकही चूक निघाली नव्हती.